पदुमाने पाठवलेल्या बांगड्या

पदुमे,

हे ताडपत्र मी व्यापाऱ्यांच्या तांड्याकडे देणार नाही, म्हणून खरं लिहिते. तू माहेरी प्रतिष्ठानला गेल्यापासून मला बरं वाटतं.

काल तुझ्या सोन्याच्या बांगड्या आल्या, पूर्णेकाठच्या स्तूपाच्या विटांसाठी. भंतेंनी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. मी मान खाली घालून बसले.

आपला नवरा जाऊन दोन महिने झाले. नवराबायकोची श्रद्धा, शील, दान आणि समज सारखी असली तर पुढच्या जन्मीही त्यांची भेट होते, असं बुद्धांनी सांगितल्याचं भंते म्हणतात. त्याने जन्मभर स्तूपाला विटा दिल्या. तू बांगड्या का काढल्यास, ते मला कळतं.

मीही माझी कमरेची मेखला नेऊन ठेवली आणि विचारलं, "भंते, आमचं दोघींचं सारखंच भरलं, तर तो कोनाले भेटीन?"

ते हसले. "बाई, मंग तुमी तिघंबी भेटसान. पन मनातला तिचा राग काढून ठेवा, मेखला ठेवली तसा."

मेखला काढणं सोपं होतं.

आज स्तूपापाशी बसून मी तीनदा तुझं भलं चिंतलं. तिसऱ्यांदा तर जवळजवळ मनापासून. मग एवढंच मागितलं: तिघांची भेट होऊ दे, पण त्या जन्मी त्याचं पहिलं लग्न पदुमाशी होऊ दे. दहा वर्षं तिला त्याचं घर सांभाळू दे. मग मी येईन, सोळा वर्षांची.

या जन्मीची तुझी थोरली,
सामा