रिकामी मात्रा

३ मार्च

ती. आत्यास मुंगीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. ‘जिना’ दादाला फार आवडला, तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होता, असं मी कळवलं होतं. तो ऐकत नव्हता, झोपला होता. गादीवाल्याने ते तेव्हाच ओळखलं होतं, कारण आडवा झालेला माणूस विचार करतोय की घोरायच्या बेतात आहे, हे ओळखण्यावरच त्याच्या बहिणीचं गाद्यांचं दुकान चालतं. मला वाईट वाटेल म्हणून तो गप्प बसला. तेव्हा ते वाक्य खोडून टाक.

आमचं नक्की काय चाललंय, असं तू विचारलं आहेस. आम्ही तिघं त्या दुकानामागच्या गोदामात वाजवतो: गादीवाला ड्रम, दादा गिटार आणि मी कीबोर्ड. चारी बाजूंना छतापर्यंत गाद्या रचलेल्या असल्याने आवाज बाहेर जात नाही. दादाला कोणी विचारलं तर तो याला प्रयोगशील प्रोग्रेसिव्ह जॅझ-रॉक म्हणतो आणि विचारणारा पुन्हा कधी विचारणार नाही इतकं समजावतो. गादीवाला म्हणतो, लांबलचक आणि नाचता न येणारं. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे.

‘जिना’ मी रचला. नऊ मात्रांचं आवर्तन आहे, आणि दर चौथ्या आवर्तनानंतर एक मात्रा रिकामी. तिथे तिघंही थांबतो. अंधारात आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं होतं. मी आजवर जे काही केलं, त्यात ही एकच गोष्ट पूर्ण माझी आहे असं मला वाटतं.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला गेलेली असताना दादा एकटा गोदामात गेला आणि त्या सगळ्या रिकाम्या मात्रांमध्ये त्याने गिटार भरली. म्हणाला, जागा मोकळी सोडली तर लोकांना वाटेल फाईल अडकली. शनिवारी, २३ तारखेला प्रकाशन, असं त्याने जाहीरही करून टाकलं. ते व्हायचं मात्र माझ्या हातून. इंटरनेटवर गाणी जिथे चढवायची तिथल्या अटी वाचायला दादाला सवड नव्हती. मी त्या दोनदा वाचल्या, म्हणून खातं माझ्या नावावर आहे. कोणतं रूप लोकांपुढे जाणार ते मी बटण दाबेन त्यावर ठरेल. आणि दादाला नाही म्हणायची मला सवय नाही. तो बोलायला लागला की माझी मान आपोआप हलते. या वेळीही हलली.

दोन्ही रूपं तुझ्या फोनवर पाठवली आहेत. दुकानात मी भिंगं बदलून गिऱ्हाइकांना विचारते तसंच तुला विचारते: हे स्पष्ट, की ते? फोनवर सांगू नकोस, लिही. फोनवर तू मला बरं वाटेल असं बोलतेस.

तब्येत सांभाळ. माझ्यावर आहे तेवढीच माया ठेव, वाढवलीस तर मला काळजी वाटेल.

तुझी
मुंगी

&nbsp;

७ मार्च

चि. मुंगीस आत्याचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्र पोचलं. खोडायचं ते खोडलं, शाई जास्त गेली.

दोन्ही रूपं ऐकली. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईही सोबत होत्या. त्यांनी मध्येच विचारलं की हे सुरू झालं का, आणि नंतर विचारलं की हे संपलं का. एवढं सोडल्यास त्यांची तक्रार नव्हती.

तुझ्या दादाची गिटार मी ओळखते. रिकामी खुर्ची दिसली की तिच्यावर आपली पिशवी ठेवणारी माणसं असतात, तशी ती आहे. तुझं रूप स्पष्ट आहे. पाहिजे तर हे वाक्य कापून गोदामात लाव.

पण मुंगे, त्या रिकाम्या मात्रेपाशी मला जे हसू फुटलं, ते मास्तरीणबाईंनाही समजावून सांगता येईना. अगं, तो माझा खोकला आहे. शाळेत घालण्याआधी तुम्हा दोघांना मीच घरी शिकवायचे ना, जेवणाच्या टेबलावर, आधी अक्षरं आणि मग गाणी? तेव्हा माझा घसा कायम धरलेला असायचा. चार ओळी झाल्या की मी एकदा खाकरायचे आणि पुढे जायचे. तुम्ही दोघं हात मांडीवर ठेवून थांबायचात. मला वाटायचं, काय वळण आहे पोरांना. आणि तू ते गाण्यातच धरलंस. माझ्या घशाचा असा उद्धार होईल असं त्या वेळच्या डॉक्टरलाही वाटलं नसेल.

हसून हसून पुन्हा खोकला लागला, तेव्हा इथेच थांबते. आशीर्वाद आहेतच, ते चौथ्या ओळीनंतर थांबत नाहीत.

आत्या

&nbsp;

१० मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू हसलीस ते वाचून मीही हसायला हवं होतं. मी पत्र घेऊन गोदामात गेले आणि तू शिकवलेली सगळी गाणी एकेक करून म्हणून पाहिली. प्रत्येक गाण्यात चौथ्या ओळीनंतर मी थांबते. बाकीच्या जगात ती गाणी सरळ पुढे जातात. बाहेरच्या कोणाबरोबरच मला कधी नीट वाजवता का आलं नाही, हेही आज कळलं. मला वाटायचं, ते लोक घाई करतात.

दादालाही तपासलं. मोठ्या बशीवर चमचा वाजवत आपण म्हणायचो ते गाणं विसरले, जरा म्हणून दाखव, असं त्याला सांगितलं. चार ओळी झाल्या आणि तो थांबला. वर अगदी अदबीने मान तिरकी केली, तू खाकरताना आम्ही करायचो तशी. मग पुढे म्हणाला. आपण थांबलो हे त्याला ठाऊकही नाही. गिटार हातात असली की ती जागा त्याला सहन होत नाही, आणि गळ्याने मात्र तो तीच जागा सोडतो.

तर प्रश्न मिटला. जी एक गोष्ट माझी म्हणून मी मिरवत होते, ती माझी नाही. दुसऱ्याचा खोकला स्वतःच्या नावावर लोकांपुढे ठेवणं मला जमणार नाही. शनिवारी दादाचंच रूप जाऊ दे, त्यात निदान ती चोरी झाकलेली आहे. दादाला खोकल्याचं सगळं सांगितलं आणि तसं कळवलं. तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, वयाबरोबर समज येते.

गादीवाल्यालाही सांगितलं. तो ड्रमचे पडदे आवळत होता. म्हणाला, खोकला कोणी काढला याच्याशी त्याला देणंघेणं नाही, पाय कुठे ठेवायचा नाही तेवढं सांगा. त्या एका मात्रेला न वाजवायला शिकण्यात त्याचा अख्खा हिवाळा गेला होता आणि आता तिथे दादा नाचतोय. एवढं बोलून त्याने एक गादी उचलली आणि ड्रमवर टाकली. ते रागाने की धूळ बसू नये म्हणून, हे मला कळलं नाही, म्हणून दोन्ही लिहिते.

तुझ्या घशाला काय औषध चालू आहे ते कळव. लोभ करण्याजोगं सध्या माझ्यात काही नाही, तरी तो असू दे.

मुंगी

&nbsp;

११ मार्च

ती. आत्यास दादाचा सा. न. वि. वि.

तुला पत्र लिहायला उशीर झाला, पण निर्मितीच्या काळात माणूस कोणाचाच नसतो.

मुंगीकडून तुझ्या खोकल्याचा किस्सा कळला. मला आश्चर्य वाटलं नाही. त्या जागी काहीतरी खटकतंय हे माझ्या कानाने पहिल्याच वेळी टिपलं होतं. (ती तुला सांगेल की मी झोपलो होतो. मी आत उतरलो होतो.) म्हणून तर मी ती जागा भरली. मी रिकाम्या जागेचा शत्रू नाही, पण रिकामी जागा कमवावी लागते आणि ती कमावण्याइतकं मुंगीचं वय नाही.

एक छोटंसं काम आहे. बटण तिच्याकडे आहे आणि ती कबूल झाली असली तरी तिचा भरवसा नाही; तिला स्वल्पविरामाचीही भीती वाटते. तू दोन ओळी लिहिल्यास तर ती शनिवारी हात मागे घेणार नाही. तुझं ती ऐकते.

प्रकाशनाचा मजकूर मी तयार केला आहे, तुला अभिमान वाटेल. ‘जिना. संकल्पना, रचना आणि गिटार: दादा. ड्रम: गादीवाला. कीबोर्ड साहाय्य: मुंगी.’ तिला अजून दाखवला नाही, उगाच प्रत्येक शब्दावर अडून बसेल. दोघांनाही तूच शिकवलंस, तेव्हा नाव कोणाचंही लागलं तरी घरातच राहणार.

तुझे आशीर्वाद मी गृहीत धरतो.

दादा

&nbsp;

१४ मार्च

चि. मुंगीस आत्याचे आशीर्वाद, आणि या खेपेला थोडा रागही.

सोबत दादाचं पत्र जोडलं आहे. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे तुला मीच शिकवलं. आज मीच सांगते, वाच. प्रकाशनाच्या मजकुराचा परिच्छेद दोनदा वाच, त्या अटी वाचल्यास तसा.

वाचलंस? मग आता ऐक. मला त्या वर्षांत खोकला होता, संगीताची दृष्टी नव्हती. तो खोकला तुम्ही दोघांनी एकाच टेबलावर, एकाच बशीसमोर ऐकला. दादाने त्याचं काय केलं? काही नाही. तू त्याचा जिना बांधलास, आणि तो गादीवाला अख्खा हिवाळा त्याच्यावर चढत-उतरत राहिला. विटा माझ्या होत्या म्हणून घर माझं होतं का? अगं, विटाही नव्हेत, नुसती धूळ होती.

तुझं नाव मुंगी मीच ठेवलं, कारण साखरेचा कण दिसला की तो कोणाचा हे विचारल्याशिवाय तू तोंड लावायची नाहीस. तेव्हा ते गोड वाटायचं. आता तू दरवेळी विचारतेस, आणि तोवर दादा डबा घेऊन जातो. तुझा प्रामाणिकपणा सगळ्यांच्या सोयीचा झाला आहे, एक तू सोडून. चोरीची एवढी भीती वाटते ना, मग जी चालली आहे तिच्याकडे बघ की.

माझं ऋण मनाला लागत असेल तर लिही माझं नाव. पण ‘आदरणीय’ वगैरे नको. आणि दादाला मी दोन ओळी लिहिल्या, त्याने मागितल्या होत्या तेवढ्याच: बशीचं गाणं म्हणताना चौथ्या ओळीनंतर स्वतःकडे लक्ष दे. माझे आशीर्वाद गृहीत धरू नकोस.

मी घशाला काही घेत नाही. तो आता कामाचा घसा आहे.

आत्या

&nbsp;

१६ मार्च

ती. दादास मुंगीचा सा. न. वि. वि.

एका घरात राहून पत्र कशाला, असं तू म्हणशील. समोर बोलले की मी श्वास घ्यायला थांबते, आणि त्या जागेत तू बोलायला लागतोस. कागदावर तुला तसं करता येणार नाही.

दोन चुका दुरुस्त करायच्या आहेत. पहिली माझी. तू प्रकाशनाचं बोललास तेव्हा मी मान हलवली, तिचा अर्थ तू होकार असा घेतलास. आणि नंतर खोकल्याचं कळल्यावर मी तोंडानेही हो म्हटलं. पहिला होकार सवयीचा होता, दुसरा घाबरल्याचा. दोन्ही परत घेते.

दुसरी तुझी. आत्याने तुझं पत्र मला पाठवलं. त्यातल्या मजकुरात तथ्याच्या चुका आहेत. संकल्पना आणि रचना तुझी नाही. ‘कीबोर्ड साहाय्य’ असं काही नसतं. कीबोर्डला साहाय्य टेबल करतं. सुधारलेला मजकूर असा आहे: ‘जिना. रचना आणि कीबोर्ड: मुंगी. ड्रम: गादीवाला. गिटार: दादा. रिकामी मात्रा: आत्याच्या घशावरून.’ तुझं नाव काढलेलं नाही. जिथे तू खरोखर वाजवलंस तिथे फार चांगलं वाजवलंस, हेही नोंदवून ठेवते, कारण ते खरं आहे.

रिकाम्या मात्रांमध्ये तू भरलेली गिटार मी फेकली नाही. ते सगळे तुकडे कापून एकापुढे एक जोडले आणि वेगळी फाईल केली. ती सोबत देत आहे. तिच्यात एकही मोकळी जागा नाही, तुला आवडेल. तुझ्या नावाने केव्हाही काढ. मात्र त्यासाठी खातं उघडावं लागेल आणि अटी वाचाव्या लागतील. अवघड वाटलं तर मी समजावून सांगेन, मध्ये बोलला नाहीस तर.

गादीवाल्याने ड्रमवरची गादी काढली आहे. त्याची बहीण म्हणाली की प्रकाशन दुकानातच करा, लोकांना आडवं होऊन ऐकता येईल. मी तिला विचारलं, झोपले तर? ती म्हणाली, झोपले तर गादी खपली.

मी अजून घाबरलेली आहे. हे पत्र चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा माफी मागून संपवलं. हे पाचवं आहे. तुझा राग असेल तर तो असू दे, लोभ मागाहून येईल तेव्हा येईल. मी वाट बघायला लहानपणीच शिकले आहे.

तुझी धाकटी बहीण
मुंगी

ता. क. – तू जाहीर केलेल्या शनिवारची मी वाट बघणार नाही, कारण तोवर तू बोलशील आणि माझी मान हलेल. ‘जिना’ रिकाम्या मात्रांसह चढवून ठेवला आहे, फक्त बटण दाबायचं आहे. ते मी चष्म्याचं दुकान उघडायच्या आधी, गोदामात, गादीवाल्यासमोर दाबणार आहे: मंगळवारी, १९ मार्चला.