पोळ्यातली सायकल

आप्पा, तुमची सायकल यंदा पोळ्याला पुन्हा वेशीतून गेली. चालवत मी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. कुणी लांबण लावलं की तुम्ही मध्येच "मुद्द्याचं बोल" म्हणायचात आणि उठून पक्कड शोधायला लागायचात. तर मुद्दा झाला. आता जरा टेका आणि लांबण ऐका.

सायकल तीच, काळी, चोवीस इंची. तिच्या दांड्याला शिडी बांधून तुम्ही कवठ्याच्या वाड्यावस्त्यांवर लाईट जोडत फिरायचात. अख्ख्या गावाचे वायरमन तुम्ही, पण आपल्या दावणीला एक वासरू नव्हतं आणि नावावर वाफाभर रान नव्हतं. आपल्याकडचा पोळा भाद्रपदातला; त्या अमावस्येला गाव बैल धुवायला ओढ्यावर निघालं की तुम्ही सायकल हापशावर न्यायचात. "माजा बैल ह्योच. वरीसभर राबतोय, मग पोळा काय निस्त्या शिंगंवाल्यांनीच करायचा?" असं म्हणत तिला घासूनपुसून लख्ख करायचात. मग दांड्यावर झूल म्हणून आईचं जुनं लुगडं, हँडलला गोंडे, घंटीशेजारी घुंगरमाळ आणि चाकाच्या तारांना शेजाऱ्यांनी शिंगांसाठी आणलेल्यातला उरलेला लाल हिंगूळ. पहिल्या वर्षी लोक पोट धरून हसले म्हणे. शेजारच्या मामांची जोडी मिरवणुकीत सगळ्यात शेवटी असायची, त्यांच्या मागं तुम्ही सायकल लावलीत. तेव्हा मामांनी थट्टेत एक नेम घालून दिला. वेशीत तोरणाखाली मिरवणूक खोळंबते, तिथं बैल जसा उभा राहतो तसं तुम्ही सायकलवरच थांबायचं. पाय टेकला तर सायकल बैलांच्या रांगेतून कायमची बाहेर. थट्टेत घातलेला नेम गावानं खरा धरला, आणि तुम्ही तर त्याहून जास्त.

आम्ही बायकापोरं वेशीलगतच्या मारुतीच्या पारावर, डाव्या हाताला. तिथून मी पाहते आहे: पुढं बैल अडलेत, हलगी वाजते आहे, आणि तुम्ही सायकलवर तसेच, दोन्ही पाय पायडलवर, सायकल जागच्या जागी, मिशी वर. गल्लीत त्या दिवशी माझा रुबाब काय सांगू. घरी आल्यावर मी विचारायची, आप्पा, हे तुम्ही करता कसं? तुम्ही टोपी काढून खुंटीला लावायचात आणि म्हणायचात, "समदा तोल कंबरंत असतो." त्या नादानं मी कितीदा पडले असेन. एकदा मी दांड्याखालून पाय घालून सायकल चालवताना खाली बघत होते, तर तुम्ही केवढ्यांदा ओरडलात. "चाकाकडं काय बगतीस? चाक पळून चाललंय व्हय? म्होरं बग." तुम्ही माझ्यावर ओरडलात असं मला तेवढंच आठवतं. अजून घाटात, कंपनीत, कुठंही घाबरले की तेच वाक्य ऐकू येतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. त्या वर्षी मिरवणुकीत मामांच्या बैलांमागं रिकामी जागा होती आणि ती भरायला कुणी पुढं आलं नाही. सायकल पडवीत उभी राहिली. टायर विरले, झुलीचं लुगडं आईनं धुऊन ट्रंकेत टाकलं. मी शिरूरला कॉलेज केलं, मग कुरकुंभला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले आणि शिफ्टला जवळ पडतं म्हणून दौंडला खोली घेतली. तिथं मला सायकलवेडी मंडळी भेटली. एक रेल्वेतला, एक शाळेत शिकवणारी, दोघं आमच्याच कंपनीतले. ही माणसं चांगल्या सायकलींचे गिअर काढून टाकतात, मडगार्ड काढतात, कॅरिअर काढतात, पुढं एक दातचक्र आणि मागं एक एवढंच ठेवतात. मग भगभगीत रंग देऊन रविवारी भीमेच्या पुलावर ओळीनं उभ्या करतात आणि चहा पीत त्यांच्याकडं बघत बसतात. पोळ्याला बैलाकडं बघतात ना, अगदी तसं. मला पहिल्याच रविवारी ती आपली माणसं वाटली.

त्यातल्या काहींच्या सायकली फिक्स. म्हणजे काय ते सांगते, तुम्हाला आवडेल. साध्या सायकलवर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, उतारावर आपण नुसतं बसून असतो. फिक्सला ती चैन नाही. मागचं दातचक्र चाकाला पक्कं आवळलेलं असतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच आणि पाय रोखले की चाक रोखलं जाणार. उलटे पाय मारले तर सायकल मागं जाते. हे पाहिलं आणि मला एकदम तुम्ही आठवलात, पारावरून दिसणारे. माझ्या मनानं घेतलं की तुमचीच सायकल फिक्स करायची आणि त्या रिकाम्या जागी न्यायची.

पिकअपमधून फ्रेम दौंडला आणली तेव्हा रेल्वेवाल्यानं ती एका हातानं उचलायला जाऊन खाली ठेवली. "मॅडम, ह्याला फ्रेम म्हनत्यात व्हय? हा तर रूळ हाय." मग सगळे तिला भिडले. गंज खरवडला, पण काळा रंग होता तोच ठेवला. दांड्यावर शिडीच्या दोरानं घासून पडलेला चट्टा आहे, त्याला मी कुणाला हात लावू दिला नाही. चाकं नवी ओवली, मागं पक्कं दातचक्र, ते सुटू नये म्हणून त्यावर उलटी आवळायची कडी. ब्रेक फक्त पुढचा ठेवला. पहिल्या दिवशी मैदानात जरा वेग घेतला आणि सवयीनं पाय थांबवले, तर पायडलनं मला खोंडासारखं वर फेकलं. सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. तुमची सायकल पुन्हा चालत होती, आप्पा. मला तुमची फार आठवण आली.

मग कामावरून आले की रोज जागेवर उभं राहण्याचा सराव. पुढचं चाक जरासं वळवायचं, पायानं बोटभर पुढं, बोटभर मागं. एक गाणं संपेपर्यंत टिकायला लागले तेव्हा मामांना विचारायला गावी गेले. मामा आता वाकलेत, पण जोडी अजून त्यांचीच शेवटची. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, घंटी वाजवून बघितली आणि म्हणाले, "पोरगी हायेस म्हून न्हाई म्हनायचा न्हाई मी. पर नेम त्योच. पाय टेकला तर फुडच्या वर्सापसून सायकल पोरांच्यात, बैलांच्यात न्हाई." तुम्ही इतकी वर्षं राखलेली जागा माझ्या एका पायानं जाणार असेल तर न नेलेलीच बरी, असंही वाटून गेलं. पण तोवर आईनं ट्रंकेतून लुगडं काढलं होतं.

आणि गंमत इथंच झाली. आदल्या दिवशीची खांदेमळणी आईची. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात तसं ती तुमच्या सायकलच्या हँडलला चोळायची, तुम्ही तिला तिथंच थांबवायचात. यंदा थांबवायला तुम्ही नव्हता. मी गोंडे बांधण्यात गुंग, आणि हिनं चाकांच्या दोन्ही रिंगा गोल फिरवून फिरवून चोळून काढल्या. "जितं वजन पडतंय तितंच मळायचं असतंय. सायकलचं वजन चाकावरच पडतंय की." चुकीचं काय आहे त्यात, सांगा. मला मात्र ते दुसऱ्या दिवशी मारुतीच्या उतारावर कळलं. ब्रेक दाबला तर त्याचं रबर रिंगेवरच्या लोण्यावरून नुसतं सर्रकन घसरलं. पुढं मामांचा बैल, मागं उतार, बाजूला सगळं गाव. साधी सायकल असती तर मी थेट बैलाच्या शेपटीत गेले असते. पण ही फिक्स. मी दोन्ही पायांनी चाक मागं रेटलं, मांड्या भरून आल्या, आणि सायकल सावकाश, अगदी बैलाच्या चालीनं खाली उतरली. पारावर दौंडची मंडळी मोबाईल धरून उभी होती. त्यांना वाटलं मी ऐटीत उतरतेय.

वेशीत मिरवणूक अडली. पुढं मानाच्या बैलाबरोबर कुणीतरी फोटो काढत होतं, मग त्याचा भाऊ आला, मग मेव्हणा. मी मागून सरकत मामांच्या डाव्या बैलाच्या डाव्या अंगाला येऊन उभी. बोटभर पुढं, बोटभर मागं. एक गाणं झालं, दुसरं सुरू झालं. मी म्होरं बघत होते, आप्पा, चाकाकडं नाही, तरीही सायकल उजवीकडं कलायला लागली. आता पाय टेकणार, गेलं सगळं, असं वाटलं आणि माझा उजवा हात आपोआप बैलाच्या वशिंडावर पडला. बैल हलला नाही. माशी बसल्यावर कातडी थरारते तेवढीच थरारली. मामांनी कासरा धरून मागं वळून बघितलं. मी हात काढूही शकेना आणि ठेवूही शकेना. डोळ्यांत पाणी आलं.

मामा म्हणाले, "धर, धर. तुजा बाप बी हितंच धरायचा."

मी म्हणाले, "काय?"

"मंग? कंबरंत तोल आसतोय व्हय कुनाच्या? तवाचा बैल तर वायरमन आला का आपसूक अंग द्यायचा. नेम पायाचा घातलाय मी, हाताचा न्हाई."

मला इतकं हसू फुटलं की खरोखरच पाय टेकला असता. पण मिरवणूक सुटली, बैल चालायला लागला, आणि त्याच्यावर हात ठेवूनच मी तोरणाखालून गेले. वर आंब्याची पानं डोक्याला लागली. मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. आनंदानं छाती भरून आली होती एवढं खरं.

घरी आल्यावर आईनं माझा हात बघितला. बैलाच्या अंगावरचे हिंगळाचे ठसे माझ्या तळव्यावर उठले होते. "ह्यांची उजवी बाही बी दरसाल आशीच लाल व्हायची," ती म्हणाली. "रात्रभर भिजत घालाया लागायची." मी म्हटलं, मग तू त्यांना कधी बोलली का नाहीस? ती पुरण वाटत होती, तिनं हात थांबवला नाही. "कशापायी? घरी आलं का दोन दीस निस्तं हसत बसायचे."

आता राहिलं दौंडचं. त्या सगळ्यांनी पारावरून, डाव्या बाजूनं, व्हिडिओ काढलाय. त्यात माझा उजवा हात माझ्याच अंगाआड गेलाय. पुलावर रविवारी तो व्हिडिओ फिरतो, नवी माणसं बघायला येतात, तुमच्या सायकलचे फोटो काढतात आणि मला विचारतात की एवढा वेळ कसं काय जमलं. मी चहाचा घोट घेते आणि सराव लागतो म्हणते. रेल्वेवाला आता रोज संध्याकाळी सराव करतो, परवा गुडघा फोडून आला. म्हणून हे पत्र मी कपाटात खाली ठेवणार आहे. तुम्हाला मिळायचं नाही ते नाहीच, पण त्याच्या हाती लागायला नको. त्याला खरं सांगायला हवं हे मला कळतं, आणि सांगेनही. पण एवढ्यात नाही, आप्पा. मिरवायला फार बरं वाटतंय.