कॉफीनंतरचा भाव

२८ सप्टेंबर
आजपासून मी व्यावसायिक. सरोवराच्या दोन्ही काठांवरच्या कारागिरांना धंदा शिकवणारा उपक्रम सुरू झाला. अलीकडच्या शकोदर शहरातले आम्ही आठ, पलीकडचे माँटेनेग्रोचे आठ. शिकवायला इटलीहून ओराझियो. त्याने विचारलं, तुमच्या त्या वाद्याला, एका चिफ्तेलीला, खर्च किती येतो? म्हणालो, तुतीचं लाकूड काकांच्या अंगणातलं. तारा दोनच. आणि तुमचा वेळ? वेळ माझाच आहे, मी म्हणालो. त्याने फळ्यावर काहीतरी लिहिलं आणि लगेच पुसलं. प्रभावित झाला असावा.

माझी बायको द्रांदे हिची अट: डिसेंबरातल्या संत निकोलाच्या सणापर्यंत तीन चिफ्तेल्या विकायच्या, नाहीतर दुकान पाश्कला भाड्याने. पाश्क वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. जिथे बाबा तारा जुळवत बसायचे, तिथे वॉशिंग मशीन! द्रांदे म्हणाली, तुझ्या बाबांनी निदान विकल्या तरी. माणूस चांगला आहेस रे कोलेत्स, पण तुझ्या चांगुलपणावर चूल पेटत नाही.

तीन म्हणजे काहीच नाही.

७ ऑक्टोबर
भागीदार मिळाली. रोसांदा, पलीकडच्या काठावरची, लोकरीच्या शाली विणते. माझ्या चार चिफ्तेल्या ती तिकडे विकणार, तिच्या नऊ शाली मी इकडे. बाई हुशार, पण रीतभात कमी. दुकानात आली, बस म्हणालो तर बसेना. उभ्याउभ्या सगळं ठरवलं, मगच विचारलं, आता कॉफी देतोस का? तिला हळूहळू शिकवावं लागेल.

तिने विकलेल्या अटीत धरायच्या नाहीत, असं द्रांदे म्हणाली. नको धरू.

१९ ऑक्टोबर
पहिलं गिऱ्हाईक. जर्मन जोडपं, सायकलवर. ओराझियोचा नियम: आधी गिऱ्हाइकाला मोकळं करा. मी कॉफी दिली. मग राकी, घरी गाळलेली दारू. मग अंजिराचा मुरंबा. दोघं अगदी मोकळी झाली. बाईंनी शालीवर हात फिरवून म्हटलं, किती सुंदर. आता घरात बसलेल्या पाहुण्याने वस्तूला सुंदर म्हटलं, तर पुढे काय करायचं असतं? बांधून दिली.

विक्री झाली नाही. ओळख झाली.

९ नोव्हेंबर
वर्गात भाव तोंडाने सांगायचा सराव. मी दुकानदार, ओराझियो गिऱ्हाईक. मी त्याला बसवलं, आईची तब्येत विचारली. तो म्हणाला, भाव सांगा. म्हणालो, आपल्यात कसला भाव. वर्ग हसला. रोसांदा तर डोळे पुसत होती. ओराझियो खिडकीबाहेर बघत म्हणाला, मी दहा देशांत शिकवलं आहे.

म्हणजे अनुभवी माणूस आहे.

२२ नोव्हेंबर
चूक सापडली. कॉफी. एकदा कॉफी प्यायला की गिऱ्हाइकाचा पाहुणा होतो. आणि पाहुण्याकडून पैसे घेतले तर बाबा कबरीतून उठून येतील. ठराव: दुकानात कॉफी बंद. भांडं घरी नेलं. द्रांदेने विचारलं, हे काय? म्हणालो, धोरण.

२३ नोव्हेंबर
डॉक्टर हिल आले, पुतण्याच्या लग्नासाठी चिफ्तेली हवी म्हणून. नोटा हातातच. समोर एवढा मोठा माणूस आणि देण्यासारखं काही नाही. लाजेने कान तापले. धावत कोपऱ्यावरून कॉफी आणली. प्यायल्यावर त्यांनी भाव विचारला. म्हणालो, घेऊन जा. ते ओरडले, अरे कोलेत्स, लाज आणतोस का मला? त्यांनी नोटा माझ्या खिशात कोंबल्या. मी त्यांच्या. दारात बराच वेळ झटापट झाली. शेवटी मी जिंकलो.

भांडं परत आणलं.

५ डिसेंबर
आता खरी योजना. उद्या संत निकोला, म्हणजे माझाच नामदिवस; कोलेत्स हे निकोलाचंच लाडकं रूप. शुभेच्छा द्यायला अर्धं शहर येणार. एवढी माणसं एका दिवसात कोणत्या दुकानात येतात? पाहुण्यांना घराऐवजी दुकानात बोलावलं. सगळ्या चिफ्तेल्या आणि शालींना भावाच्या चिठ्ठ्या बांधल्या. तोंडाने सांगायची गरजच नाही. ओराझियोला हे कसं सुचलं नाही?

द्रांदेने स्वतः चिठ्ठ्यांच्या गाठी घट्ट केल्या. हे प्रथमच.

६ डिसेंबर
सगळ्यात आधी काका आले. चष्मा लावून चिठ्ठी वाचली. विचारलं, कोलेत्स, घरात कोणी आजारी आहे का? म्हणालो, नाही. मग नामदिवशी पाहुण्यांकडून वर्गणी का काढतो आहेस?

चिठ्ठ्या काढल्या.

दिवस फार छान गेला. सगळे गायले. सगळ्यांना सगळं सुंदर वाटलं. संध्याकाळी भिंतीवर फक्त बाबांची चिफ्तेली उरली.

९ डिसेंबर
रोसांदा आली. चारही चिफ्तेल्या विकल्या म्हणाली, चांगल्या भावाला. दारातच उभी. माझ्या शाली? म्हणालो, सगळ्या गेल्या. आणि पैसे? मी कॉफीचं भांडं शोधू लागलो. ती म्हणाली, भांडं ठेव खाली. आधी हिशोब, मग कॉफी. मी काय चंद्रावरून आले आहे? माझ्या बापाने याच नादात खेचर देऊन टाकलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे सौदा उभ्यानेच होतो.

माझ्या चार चिफ्तेल्यांच्या पैशांत तिच्या शालींचा हिशोब फिटला. मग ती बसली, दोन कप प्यायली. भिंतीकडे बघून म्हणाली, ही तर फारच सुंदर. मी उठून खुंटीवरून काढली. तिने ती माझ्या हातातून घेतली, परत टांगली आणि मला गाढव म्हणाली. आवाज मात्र मऊ होता.

१० डिसेंबर
पाश्कशी भाड्याचं मी बोलणार होतो. द्रांदे म्हणाली, तू घरीच थांब. तिने त्याला रस्त्यात गाठलं, उभ्यानेच.

१८ डिसेंबर
उपक्रमाचं प्रमाणपत्र आलं. चौकट करायला हवी. लावायला भिंत नाही.

२० जानेवारी
सहज दुकानावरून गेलो. बाबांची चिफ्तेली खुंटीवरच आहे, पाश्कने हलवली नाही. खाली तीन मशीन. त्याने आत बोलावलं, बाबांच्या खिडकीशी बसवलं, कॉफी दिली. चांगली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, हे पांढरं मशीन सुंदर आहे.

पाश्कने भाव सांगितला.

मी हो म्हणालो. त्याची कॉफी प्यायलो होतो.