तापीला घरी आणताना

जिंजा, युगांडा
१४ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
ललिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी सुखरूप पोचले. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही. म्हणून ठरल्याप्रमाणे कागदावर लिहून त्याचा फोटो शेजारच्या मिसबाहच्या फोनवर पाठवते. अक्षर मोठं करून दाखव आणि आधी आबांचा चष्मा पूस, असं तिला सांगा.

इथली माती लाल आहे. जिकडे पाहावं तिकडे केळी, पण आपल्याकडच्यासारख्या ओळीत नाहीत, जागा मिळेल तिथे उगवलेल्या. शिरपूरच्या कुंदनला ठिबक सिंचनाच्या नळ्या टाकायला इतक्या लांब का बोलावलं असेल, असं आधी वाटलं होतं. आता त्याने केलेला मोठा मळा पाहिला. तिथे मात्र सगळ्या ओळी सरळ आहेत. योगिता आणि तो राहत होते ते घर कंपनीने दुसऱ्यांना दिलं आहे. मी रस्त्यावरूनच पाहिलं. खिडकीला तिनेच शिवलेले पडदे अजून आहेत.

त्यांची तापी त्याच घराशेजारच्या वयस्कर बाईंकडे आहे. अपघातात योगिता आणि कुंदन दोघंही गेले त्या दिवशी योगिता तिला त्यांच्याकडेच सोडून गेली होती, ती तिथेच राहिली. कुंदनचे भाऊ नवल अस्थी न्यायला आले तेव्हा कागदपत्रं नसल्यामुळे मुलीला नेता आलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बाईंना सगळे जाजा, म्हणजे आजी, म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांचा पुतण्या वासवा मध्ये बसून सांगतो.

तापीचं कपाळ योगिताचं आहे. मी गुडघ्यावर बसून म्हटलं, बाळा, इकडे ये ना, मी तुझी मावशी आहे. ती जाजांच्या झग्यामागे गेली. फोनवरही ती अशीच पळायची. तेव्हा मला वाटायचं, फोनला लाजते.

मुलांच्या खात्यातल्या अधिकारी बाई समोरच होत्या. त्यांच्या अहवालाशिवाय कोर्ट मला तापीच्या दत्तकाची परवानगी देणार नाही. त्यांनी सरळ सांगितलं, मूल आपणहून तुमच्याकडे आलं पाहिजे, ओढून नेलेलं मूल मी पाठवणार नाही. हिला तुमची भाषाच येत नाही, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या बहिणीची मुलगी आहे. त्या म्हणाल्या, ते कागदावर झालं.

त्या पुन्हा येतील तोपर्यंत काही जमलं नाही तर मला एकटीलाच परतावं लागेल. काय करावं सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा. तुमची माया पाठीशी आहे, एवढ्यावर झोप लागते.

तुमची,
ललिता


देवपूर, धुळे
१६ जानेवारी २०२५

चि. ललितास,
तोताराम मास्तरांचे अनेक आशीर्वाद. विशेष.

पत्र वाचलं. मिसबाहने फोटो इतका मोठा केला की एका वेळी एकच शब्द दिसत होता. पाढे म्हणावेत तसं पत्र वाचलं. इथे थंडी फार आहे. पांझरेच्या पुलावर सकाळी माणूस दिसत नाही. माझं बरं आहे. अभिमन दूधवाला रोज विचारतो, मास्तर, नात कधी येणार? मी सांगतो, येईल.

तू लहानपणापासून घुमी. योगिता बोलायची आणि तू मान हलवायचीस. आता मान हलवून भागायचं नाही. मुलीशी बोलत जा. घाई करू नको. शुद्ध, स्पष्ट आणि सावकाश बोल. एकेक वस्तू दाखव आणि तिचं नाव नीट उच्चारून सांग. जन्मभर मी पहिलीच्या मुलांना असंच शिकवलं, आणि त्यांतलं एकही मला पाहून लपलं नाही. पुढे मात्र खूप लपली, गृहपाठ केला नसेल तेव्हा.

कोट घातलास का? तिकडे उकाडा असेल तर नको घालू. मी आपलं सवयीने विचारलं.

तिचा एक फोटो पाठव, कपाळ नीट दिसेल असा.

आशीर्वाद आहेतच,
आबा


जिंजा
२१ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. हे पान, हा पेला, ही खुर्ची. शुद्ध आणि सावकाश. ती पेला घेऊन निघून गेली.

मग परवा जे झालं ते मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

दुपारची वेळ होती. जाजा अंगणात शेगडी पेटवत होत्या. त्यांच्याकडे गॅस नाही, कोळशावर स्वयंपाक करतात. कोळसे फुंकता फुंकता त्या काहीतरी पुटपुटल्या. मला वाटलं त्यांची प्रार्थना असेल. मग नीट ऐकू आलं. त्या म्हणत होत्या, "हाऊ गॅस बी आजच सरना का व माय!"

आबा, मी उठून उभी राहिले. उच्चार त्यांचा होता, पण चाल योगिताची होती. शेवटच्या "व माय"वर ती जशी वैतागायची, अगदी तशी. मग त्यांनी केळीच्या पानातून वाफवलेल्या केळ्याचा लगदा काढला आणि हाक मारली, "तापी, आठे ये. जेवी ले." आणि तापी धावत आली.

मी वासवाला विचारलं. त्याने त्यांना विचारून सांगितलं. योगिता लेकीशी आणि कुंदनशी घरात अहिराणीच बोलायची, आणि दोन्ही घरांच्या मध्ये फक्त तारेचं कुंपण होतं. जाजांनी ते सगळं ऐकलेलं होतं. ती गेल्यावर त्यांना वाटलं, हिच्या आईचे शब्द हिच्या कानावर पडले नाहीत तर ही ते विसरेल, आणि तिच्या माणसांनी येऊन हाक मारली तर हिला कळणार नाही. म्हणून त्या जे आठवेल ते म्हणत राहिल्या. बहुतेकांचा अर्थ त्यांना माहीत नाही. योगिता गॅस पेटवताना जे बोलायची तेच त्या शेगडी पेटवताना म्हणतात. गॅस संपल्याची तक्रार त्या रोज इतक्या श्रद्धेने करतात की मला हसू आलं, आणि मग हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. योगिता गेल्याचं कळल्यावरही मी अशी रडले नव्हते.

आपल्या घरात दोन भाषा होत्या, आबा. तुमच्यासमोर पुस्तकातली आणि चुलीपाशी आईची अहिराणी. मी तुमच्या बाजूला बसले, योगिता आईच्या. परदेशात वाढणाऱ्या मुलीशी चांगल्या मराठीतच बोलायचं, इतकं मी गृहीत धरलं होतं की फोनवर इतके महिने मी तिच्याशी तिला परक्या असलेल्या भाषेत बोलते आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मी डोळे पुसले आणि विचार न करता म्हटलं, "मी बी येऊ का जेवाले?" आई गेल्यापासून माझ्या तोंडून असं वाक्य निघालं नव्हतं. तापीने घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी घालून पाहिलं. मग म्हणाली, "ये. हात धोई ये."

मी हात धुऊन आले. तिने सरकून जागा दिली.

जाजा आमच्याकडे पाहत नव्हत्या. त्या शेगडीतली राख काढत होत्या, बराच वेळ. मी स्वतःलाच विचारते आहे. मला न कळणारी एखादी भाषा मी दुसऱ्याच्या मुलासाठी अशी जपली असती का?

अधिकारी बाई शुक्रवारी येतील. तुम्ही तुमची काळजी घ्या, माझी आता थोडी कमी करा.

तुमची,
ललिता


देवपूर
२३ जानेवारी २०२५

चि. ललितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिसबाहला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आबा, थांबा जरा, आणि आत निघून गेली.

तुझ्या आईला फार आनंद झाला असता. मला चिडवायला तिला जन्मभर पुरेल असं निमित्त मिळालं असतं. मास्तर हरले, असं तिने साऱ्या गल्लीत सांगितलं असतं.

एक विचारतो. ज्या बाईने इतकं केलं, तिच्यापासून मूल तोडणं बरोबर आहे का? मला नात हवी आहे. इतकी हवी आहे की मी तिची वाट पाहत दारात खुर्ची टाकून बसतो. तरी विचारतो. त्या बाईंना तू स्वतः विचार. त्या नको म्हणाल्या तर एकटी ये. मी काही म्हणणार नाही.

आबा


देवपूर, धुळे
१८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप जाजांना,
ललिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आमच्याकडे आईवडिलांना 'तीर्थरूप' लिहितात, इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. मी आधी दुसरा लिहिला होता, तो खोडला. हे पत्र मराठीत आहे. जळगावच्या माझ्या ऑफिसातली सदफ त्याचं इंग्रजी करून देईल आणि वासवा ते तुमच्या भाषेत वाचून दाखवेल. इतक्या हातांतून जाताना काही सांडलं तर सांभाळून घ्या.

आबांनी विचारायला सांगितलेला प्रश्न मी तुम्हाला विचारायच्या आधीच तुम्ही अधिकारी बाईंना उत्तर दिलं होतं. वासवाने ते मला विमानतळावर सांगितलं. तुम्ही म्हणालात की मी हिचे शब्द सांभाळत होते, आता त्या शब्दांची माणसं आली आहेत, यापुढे मी ते धरून ठेवले तर ती चोरी होईल. त्या बाईंनी त्याच दिवशी अहवाल लिहिला, आणि त्यावरच कोर्टाने परवानगी दिली. तुम्ही विमानतळावर आला नाहीत. का आला नाहीत, ते मला कळलं.

प्रवासात तापी चांगली राहिली. दोनदा तुमच्यासाठी रडली, ते तुमच्यापासून लपवत नाही. धुळ्याला पोचलो तेव्हा आबा दारात खुर्चीवर बसले होते. शेजारच्या बायका जमल्या होत्या. तापीने चपला काढल्या, पुढे गेली आणि त्यांच्यासमोर दोन्ही गुडघे टेकून, मान खाली घालून बसली. तुमच्याकडे मुली मोठ्यांपुढे बसतात तशी. बायका कौतुकाने म्हणाल्या, परदेशात राहून आईने नमस्कार कसा शिकवला बघा. तो कोणी शिकवला ते मला माहीत होतं.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडे तेवढ्यावर मूल उठतं. ती उठली नाही. मोठ्या माणसाने नीट विचारपूस केल्याशिवाय तुमच्याकडे उठत नाहीत. हे मी आबांना सांगणार कसं? त्यांना ऐकू जाईल इतकं ओरडले असते तर पोर घाबरली असती. ती तशीच बसून राहिली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

आबांनी काठी भिंतीला लावली. खुर्चीचा हात धरून ते हळूहळू खाली उतरले. त्यांचे गुडघे धरलेले आहेत, जमिनीवर बसणं त्यांनी कधीच सोडलं आहे. मी पुढे झाले तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. ते तिच्यासमोर बसले, तिच्याइतके खाली आले, आणि ज्या बोलीत मी त्यांना आयुष्यात एक शब्दही बोलताना ऐकलं नव्हतं, त्या बोलीत म्हणाले, "उनी का व माय? दमनी व्हशी." म्हणजे, आलीस का गं, दमली असशील.

तापीने मान वर केली. ती हळू आवाजात काहीतरी बोलली. माझ्यापर्यंत आलं नाही, म्हणजे आबांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. ते तिच्या ओठांकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळून, वर्गात ओरडायचे तसे ओरडले, "ललिता, पोरले भूक लागनी!"

ती उठली.

तुमचा हात आम्हा सर्वांवर असू द्यावा, हे मागणं.

तुमची,
ललिता