पंचवीस एप्रिलची पोस्ट

१५ मे २०२५, जळगाव

सापडली. नसती सापडली तर बरं झालं असतं.

फीड रीडरमध्ये, म्हणजे नव्या पोस्ट एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये, दवाखान्यातल्या मशीनांवरचे चाळीस ब्लॉग लावून ठेवलेत. रोज सकाळी चहासोबत वाचतो. मशीन दुरुस्तीच्या धंद्यात तेवढीच माझी ऐट. जोडीदार भटू चिडवतो – "डॉक्टर वाचत नसतील एवढं तू वाचतोस." आज भलतंच काही शोधत होतो, तर पंचवीस एप्रिलची ही पोस्ट. घरी ऑक्सिजन देणाऱ्या मशीनचं एक मॉडेल. त्यातली काही मशीनं उन्हाळ्यात तापली की ऑक्सिजन घटतो, आणि भोंगा वाजतच नाही.

तेच मॉडेल! साक्रीला रुपचंदनानांना मीच निवडून, मीच बसवून दिलेलं. वडिलांच्या मागे मला शिकवलं ते नाना. तीस एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीच्या दिवशी, भर दुपारी गेले. नाकात नळी, मशीन चालू.

सत्तावीसला भटूच्या गावी आखाजीचे पत्ते खेळायला निघालो, तेव्हा न वाचलेल्या ४१७ पोस्ट होत्या. एक बटण दाबून सगळ्या वाचल्या अशी खूण केली. आखाजी काय रोज येते का, म्हणालो.

१६ मे

भुसावळला याच मॉडेलची दोन मशीनं दिलेली आहेत. सकाळीच जाऊन बदलून आलो. तिथल्या म्हातारबाने चहा पाजला, वर आशीर्वाद दिला.

१८ मे

फीड रीडर उघडलं नाही.

१९ मे

रस्त्यावर रिव्हर्स येणाऱ्या गाडीची पीं-पीं ऐकली तरी अंगावर काटा येतो. नाना बोलावताहेत असं वाटतं. भटू म्हणाला, झोप काढ जरा.

दुपारी सुंदरकाकूंचा फोन. नाना गेल्यापासून घरात त्या एकट्याच. "तू व्हता म्हनीसन दोन वरीस निंघनात, भाऊ." नाना दोन वर्षं जगले ते माझ्यामुळे, म्हणे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसत नाही. काम आहे सांगून फोन ठेवला.

२३ मे

नानांचं मशीन दहाव्यानंतर मीच उचलून आणलं होतं. आजवर हात लावायची हिंमत झाली नव्हती. आज गच्चीवर नेलं, त्रेचाळीस डिग्रीत चार तास चालवलं, मुद्दाम ऑक्सिजन घटवला.

भोंगा वाजला. पाच वेळा घटवला, पाचही वेळा वाजला. शेजारच्या मोहिनीवहिनी वर बघायला आल्या, काय पेटलं म्हणून.

म्हणजे हे मशीन त्या खराब मशीनांतलं नाही. 'सुटलो' असं मोठ्याने म्हणालो, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. पण मग त्या दुपारी भोंगा कुणाला ऐकू कसा गेला नाही? आखाजीला लेकी माहेरी आलेल्या, घर भरलेलं होतं. विचारायलाच हवं. न विचारता राहवणार नाही.

२५ मे, साक्रीहून परतताना, एसटीत

काकूंना विचारलं. भोंगा वाजला होता. म्हणाल्या, "वाजना ना. पन तूच सांगेल व्हतं – लाइट कमीजास्त व्हयनी का वाजस, बटन दाबी देवानं. मी दाबं."

सांगितलं असेन. बटण दाबून भोंगा बंद करा, असं सगळ्याच घरी सांगतो, नाहीतर लाइट हलली की फोन सुरू होतात.

मग त्यांनी हळूच विचारलं, "मनी चूक व्हयनी का रे?"

मी मोबाईल काढून पंचवीस एप्रिलची पोस्ट उघडली. काकूंना इंग्रजी येत नाही. ओळीखाली बोट ठेवून वाचून दाखवलं – मशीनच खराब निघालं. बटण दाबलं काय, न दाबलं काय, सारखंच.

असं त्या पोस्टमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.