चौथ्या पावलावरचा त्रिकोण

सोम., ३ नोव्हें.
सिद्ध करायचे ते असे: माझ्या पाच वर्षांच्या नातीला, रेवाला, क्रम कळतो. बालवाडीच्या बाईंचे मत उलट. फळ्यावरच्या आकृत्यांत पुढे काय येईल, असे विचारले की ही जागेवर गप्प. त्याच वर्गात पुन्हा बसवावे म्हणतात. सून मेघा रडवेली. "आई, पोरगी मंद तर नाही ना?" पुराव्याआधी विशेषण नको, असे मी बजावले. आवाज स्थिर होता.

बुध., ५
फरशीवर पुठ्ठ्याचे आकार. वर्तुळ, वर्तुळ, त्रिकोण; वर्तुळ, वर्तुळ... तिने त्रिकोण ठेवला. पुढच्या ओळीत मी मुद्दाम चुकीचा तुकडा सरकवला.
"आजी वं, तू चिटिंग करून राहिली! आता तुहा नंबर नाही."
प्रत्येक तुकडा नाकाशी धरून कडेवरून बोट फिरवते. आकार हातालाही कळावा, ही शिकवण माझीच. समाधान वाटले.

शुक्र., ७
दहा मांडण्या, दहाही बरोबर. घरी येते, शाळेत येत नाही. अर्थात दोष शिकवण्यात. बाईंना पत्राचा मसुदा तयार.
मेघा म्हणाली, "एकदा डॉक्टरले दाखवून देऊ का?"
"काय दाखवणार? तिला सगळे येते."
तिने विषय तिथेच सोडला. भीती मलाही आहे. नेमकी कशाची, ते लिहिणे टाळते.

रवि., २३
गुडघे धरलेले. खाली बसवेना, म्हणून आकार समोरच्या भिंतीवर चिकटवले. रेवा पलंगावर.
"पुढे काय?"
"तू बोलून दाखव ना, मग मी सांगते."
नावे उच्चारली, उत्तर अचूक. न उच्चारता विचारले, शांतता.
"भिंतीवर काय दिसते?"
"सारे गोलच आहेत."
त्यात तीन त्रिकोण होते. तिला एकेक पाऊल पुढे नेले. चौथ्या पावलाला ती हसली. "अवं, हा तर त्रिकोण होय!"
डावा डोळा झाकला, तिला फरक पडला नाही. उजवा झाकला, तिने माझा हात झटकला.
मेघाला हाक मारली.

मंगळ., २५
डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बराच वेळ पाहिले. उजव्याला चष्मा. डाव्याची आणखी तपासणी गुरुवारी. तोवर काही सांगत नाहीत. मेघाने विचारले, "सुधरेल ना?" ते म्हणाले, "आधी पाहू द्या."
नंदनवनला घरी परतताना ऑटोत रेवा माझ्या बांगड्यांवर बोट फिरवत होती. "गोल, गोल, गोल. पुढे काय, आजी?"
मूळ विधान सिद्ध झाले. चूक एक: घर आणि शाळा यांत मी शिकवणाऱ्याचाच फरक मोजला, अंतराचा मोजला नाही, आणि त्या अर्ध्या पुराव्यावर मेघाला सोळा दिवस गप्प बसवले.
— सुमती