तेजूच्या कानातला बिल्ला

१६ जून, सकाळ
बी.पी.च्या डॉक्टरनं सांगितलंय, राग आला की ओरडायचं न्हाय, लिहून काढायचं. म्हणून ही वही. सहावीपर्यंत शाळा झालीय, तेवढं लिहिता येतंय. आजपासून ओरडणं बंद.

दुपार
शाळेनं बोलावलं. ओरडलो. पण थोडंच.

नात तेजस्वी चौथीत गेली. तिच्या वर्गाला रुचिता मॅडम आल्यात, अजून अंगावरची हळद उतरली नसंल. म्हणती, तेजूला वाचता येत न्हाय, तपासून घ्या. शाळेत आठवड्यातनं दोनदा एक विशेष बाई येती, पोराजवळ बसून शिकवती. पण दाखला असंल त्यालाच. कसला दाखला? तर अडचणीचं नाव लिहिलेला. मी म्हटलं, गोठ्यातली म्हैस नुसत्या हंबरण्यावरनं ओळखती पोरगी, तिला कसली अडचण? मॅडम म्हणाली, अहो आजी, असं हुशार पोरांना बी असतंय. मग म्हटलं, हुशार म्हणून लिहून द्या दाखल्यावर.

सून शेजारी बसून मान हलवत होती. मॅडमच्या बाजूनं! घरात बघतो तिला.

१७ जून
सरकारी माणूस येतो आणि म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकून जातो. मागच्या टायमाला मी एक रेडकू माडीच्या जिन्याखाली लपवलं. सरकारला कशाला सगळं सांगायचं?

तेजूचं पण तसंच. हा दाखला म्हंजे बिल्लाच की. उद्या लग्नाचं बघायला गेलं की पावणं पहिलं तेच उकरून काढणार. ठरलं. बाई पायजे, बिल्ला नको. कसं ते मी बघतो.

१९ जून
त्या विशेष बाईला आमच्या दुधाच्या कट्ट्यावर बोलावलं. समोर धार काढून दोन ग्लास पाजलं, फेसासकट. मग म्हटलं, तेजूला पण घ्या की जरा कडंला बसवून. म्हणाली, मावशी, दाखल्याशिवाय मला पोर घेता येत न्हाय, नावं वरनं येत्यात. ओठावरचा फेस पुसला आणि गेली.

असली माणसं. दूध मात्र न्हाय म्हणाली न्हाय.

२६ जून
शाहू जयंती, शाळेला सुट्टी. सून ऐकत न्हाय. पुढच्या आठवड्यात तपासणीचं शिबिर हाय, तिथं न्यायचंच म्हणती. दोन वर्षं झाली हिचं हेच चाललंय. म्हटलं, बरं. न्या. पण तयारी मी करणार.

गिऱ्हाईक म्हैस बघायला येणार असलं की आदल्या सांजची धार काढायची न्हाय. कास तटतटलेली दिसती. अंगाला तेल लावायचं. डॉक्टर म्हंजे गिऱ्हाईकच. तेजूला घेऊन बसलो. मी धडा वाचायचा, तिनं ऐकायचा. दोनदा ऐकला की पाठ! अख्खा धडा, स्वल्पविरामासकट. आणि म्हणे वाचता येत न्हाय.

४ जुलै, संध्याकाळ
जिंकलो.

डॉक्टरनं तिच्याच पुस्तकातला धडा काढून दिला. पोरीनं घडाघडा म्हटला. ओळीवरनं बोट फिरवायचं, ते मी शिकवलंतं. पान उलटायचं तेवढं विसरली, पुढच्या पानावरचं पण त्याच पानावर म्हटलं. पण डॉक्टर फोनवर होता. त्यानं लिहून दिलं, वाचन वयाप्रमाणं, दाखल्याची गरज न्हाय.

कट्ट्यावर पेढे वाटले. हंबीरराव रोज दूध प्यायला येतो, तालमीतला जुना गडी. म्हणाला, तानाबाई, नात पास झाली का म्हैस खपली? म्हटलं, गप पेढा खा.

सून पेढा घेतली न्हाय. म्हणाली, आत्ती, आता बाई मिळायची न्हाय. म्हटलं, बघू की.

१४ जुलै
रुचिता मॅडमला भेटलो. म्हटलं, आता दाखला पण नको, तपासून झालं, तवा बसवा तेजूला बाईजवळ. मॅडम म्हणाली, आजी, तुम्हीच दार लावून आलाय. कागदावर तिला सगळं येतंय.

ओरडलो. मग शाळेच्या बाहेर येऊन परत थोडं ओरडलो, राहिलेलं.

२२ जुलै, सकाळ
तेजू सापडेना. शाळेचा टाइम झाला, दप्तर जाग्यावर, पोरगी न्हाय. शेवटी गोठ्यात गवळण म्हशीच्या मागं सापडली, वैरणीत बसलेली. वर्गात काल उभं करून वाचायला लावलंतं, पोरं हसली. म्हणती, मी शाळेत जात न्हाय, मी धारा काढतो.

धारा चांगल्या काढती. तरीपण.

२४ जुलै
लाळ्या-खुरकताची लस द्यायला माणूस आला. सगळ्या म्हशींना दिली, जिन्याखालच्या रेडकाला न्हाय. बिल्ला नसंल तर लस न्हाय म्हणतो. म्हटलं, रोग काय कान बघून येतोय व्हय रं? तो म्हणाला, मावशी, मला का बोलताय, लपवलंतं कुणी?

तसाच परत पाठवला.

मग बसून विचार केला. आपलंच डोकं वापरायचं. नुसतं नावच पायजे ना सरकारला? घ्या नाव. तेजू आणि रेडकू, दोघांच्या कानात बिल्ला मारून घेतो. एकदा बाई मिळाली की झालं.

१ ऑगस्ट
परत तपासू म्हटल्यावर सून खूश हाय, सरकारी दवाखान्यात नंबर लावून आली. डोळे, कान, डोकं सगळं तपासणार. माझा बेत तिला सांगितला न्हाय.

तेजूला बाजूला घेऊन सांगितलं. ह्या टायमाला उलटं करायचं. येत असलं तरी यायचं न्हाय. अडखळायचं. थांबायचं. कळलं काय? तेजू माझ्याकडं नुसती बघत बसली. मग म्हणाली, बरं.

१८ ऑगस्ट
काय नाटक केलं पोरीनं!

डॉक्टरीण बाई हुशार. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि कधी न बघितलेलं पुस्तक दिलं. तेजूनं पहिल्याच ओळीला घाम काढला. एक अक्षर जुळवायची, दुसऱ्याला पहिलं विसरायची. बोटानं ओळ दाबून धरली, पळून जाईल अशी. माझ्याकडं बघून डोळ्यांत पाणी पण आणलं. तेवढं मी शिकवलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावून बसलो, हसू यायला लागलंतं.

हिला सिनेमात घालायला पायजे.

२ सप्टेंबर
दाखला आला. विशिष्ट अध्ययन अक्षमता. एवढं लांब नाव आमच्या घरात कुणाचं न्हाय. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारपासनं बाई तेजूला घेणार. रेडकाला पण लस झाली.

कट्ट्यावर सगळ्यास्नी खासगीत सांगितलं, दाखला नावाचाच हाय, पोरीनं आजीच्या सांगण्यावरनं सरकारला गंडवलं. हंबीरराव म्हणाला, नात का आजी, कोण जास्त पोचलेली? लई हसलो.

सून हसली न्हाय. तिला विनोद कळत न्हाय.

९ सप्टेंबर, संध्याकाळ
उद्या बाई येणार. तेजूला म्हटलं, आता दाखला मिळाला, नाटक संपलं. आण पुस्तक, आजीला खरं खरं वाचून दाखव. नवीन धडा, मी न वाचलेला.

तिनं पुस्तक आणलं. बोट ओळीवर ठेवलं. तेच दवाखान्यातलं. घाम, थांबणं, सगळं. म्हटलं, अगं बास की. इथं कोण डॉक्टर न्हाय.

तर म्हणाली, आजी, नाटक शिबिरात केलंतं. दवाखान्यात न्हाय.

मी म्हटलं, मग तवाच का सांगितलं न्हाईस? म्हणाली, सांगितलंतं की. तू म्हैस बांधत होतीस.

मग पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, बाई ओरडती काय गं?

न्हाय म्हटलं. दोन ग्लास दूध पिऊन पण ओरडली नव्हती.

उद्या बी.पी. दाखवायला जायचंय. डॉक्टर विचारंल, ओरडलासा काय म्हणून. आज न्हाय, म्हणून सांगतो. एवढं एक खरं हाय.